एक संगणक, अनेक पडदे

प्रत्येक मुलासमोर स्वतंत्र संगणक असलाच पाहिजे, हा आग्रह मला पटत नाहीं. १९६४ सालच्या १ मे रोजीं, पहाटे चार वाजतां, अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या गणिताच्या अध्यापकांच्या योजनेनें एकाच यंत्रावर दोन ठिकाणांहून दोन प्रोग्राम एकदम चालले. यंत्र प्रत्येकास क्षणभर वेळ देई व पुढच्याकडे वळे. बसणाऱ्यास मात्र वाटे कीं, सारें यंत्र आपलेंच आहे!

आजचे ‘थिन क्लायंट’ याच कुळांतले. (‘रोडकें गिऱ्हाईक’ असें भाषांतर करण्याचा मोह मी आवरतों.) टेबलावर पडदा, कळफलक आणि लहानशी पेटी, प्रोग्राम चालतो व लिखाण सांठतें तें दुसऱ्या खोलींतील सर्व्हरवर. १९९९ सालीं सन कंपनीनें काढलेल्या ‘सन रे’ यंत्रांत तर आपलें कार्ड काढून दुसऱ्या पडद्याशीं घातलें कीं, अर्धें राहिलेलें वाक्य तेथें जसेंच्या तसें उभें राही.

शाळेस लाभ उघड आहे. टाकाऊ ठरलेलीं यंत्रेंहि लिनक्सच्या साह्यानें असे पडदे म्हणून वापरतां येतात. परंतु सर्व्हर बंद पडला, तर तीसहि मुलें एकदम हात बांधून बसतात. आणि तो दूरच्या कंपनीकडे असला, तर तार तुटतांच धडा संपला. शिवाय मुलांची वही कोणाच्या कुलुपांत आहे, हा प्रश्न उरतोच. म्हणून पडदे हवे तितके स्वस्त घ्यावे, पण सर्व्हर शाळेंतच ठेवावा, व त्यांतील लिखाणाची प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर काढून मुख्याध्यापकांच्या कपाटांत घालावी.