लेझीम पथकाचा पोशाख : निवड व मागणी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय दिसावयास लहान आहे. प्रजासत्ताक दिन जवळ आला की आपल्या शाळाशाळांतून लेझीम पथके उभी राहतात, हलगी घुमू लागते, आणि मग कोणीतरी विचारते, "गुरुजी, यंदा पथकाला ड्रेस कोणता?" हा प्रश्न आपण बहुधा घाईत सोडवितो. दुकानदाराकडे जे कापड पडलेले असेल ते आणतो, शिंप्याला अंदाजाने मापे सांगतो, आणि समारंभाच्या आदल्या रात्री बटणे लावीत बसतो. या विषयाचा शांतपणे विचार का करावा, हे मला माझ्याच एका चुकीने शिकविले. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

मी सातवीपर्यंतच्या एका शाळेत होतो. त्या वर्षी २४ मुलामुलींचे पथक मी मोठ्या हौसेने बसविले. पोशाख निवडला तो भगवा कुडता आणि पांढरा शुभ्र पायजमा. मैदानावर तो उठून दिसेल, एवढाच माझा विचार होता. पथकात सातवीची एक मुलगी होती. तिचा ताल इतका पक्का, की चार आवाजांत कोणी चुकले तर सगळी पोरे तिच्या पायांकडे पाहून सावरत. पोशाख शिवून आला आणि दुसऱ्या दिवसापासून तिने सरावाला येणे बंद केले. विचारले तर म्हणे पोटात दुखते. मी तिला सर्वांसमोर रागावलो. "ऐन वेळी दगा देणारी" असे शब्दही माझ्या तोंडून गेले. २६ जानेवारीला ती कुंपणाशी उभी राहून पथक पाहत होती, आणि तिचे पाय जागच्या जागी ताल धरीत होते.

पुढे आठवड्याने आमच्या शाळेतील बाईंनी मला बाजूस घेऊन खरे कारण सांगितले. मुलगी वयात आली होती. पांढऱ्या पायजम्यात बैठका मारावयाच्या, उड्या घ्यावयाच्या, आणि तेही साऱ्या गावासमोर, याची तिला धास्ती वाटली. हे ती मला कसे सांगणार? आणि मी विचारले ते तरी कशा रीतीने? बंधूंनो, कापडाचा रंग निवडताना मी एका मुलीला पथकाबाहेर काढले होते, आणि त्याचा मला पत्ताही नव्हता.

तेव्हापासून पोशाख ठरविताना मी स्वतःला क्रमाने काही प्रश्न विचारतो. तेच आज आपणांपुढे मांडतो.

पहिला प्रश्न : नवा पोशाख खरोखर हवा आहे काय? पुष्कळदा नको असतो. शाळेचा नेहमीचा गणवेश स्वच्छ धुऊन इस्त्री केलेला असेल, आणि त्यावर एकसारखा रंगीत कमरपट्टा व डोक्यास पट्टी बांधली, तर पथक शोभून दिसते. खर्च एका पोशाखाच्या मानाने अगदी थोडा येतो. समग्र शिक्षा योजनेतून येणारा गणवेशाचा पैसा हा नेहमीच्या गणवेशाचा आहे. तो पथकाच्या पोशाखाकडे वळवू नये. आणि पालकांकडून वर्गणी काढावयाची झाली, तर ज्याला देणे जमत नाही त्याचे मूल आपोआप पथकातून गळते, हे ध्यानात ठेवावे. ते मूल "पैसे नाहीत" असे कधीच म्हणत नाही. तेही पोटच दुखवून घेते.

दुसरा प्रश्न : या पोशाखात लेझीम खेळता येते काय? लेझीम हा नुसता नाच नव्हे, तो कसून होणारा व्यायाम आहे. १९८२ साली दिल्लीस भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात त्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यात वाकणे आहे, बैठक आहे, पवित्रा आहे, हात डोक्यावर नेणे आहे. शिवाय हातात लोखंडी साखळी आणि चकत्या असतात. लोंबणारी बाही, सुटी ओढणी, गळ्यातील माळ किंवा लांब नाडी त्या साखळीत अडकली की इजा होते. म्हणून बाही कोपरापर्यंतच असावी. काखेत लहान चौकोनी तुकडा जोडून घ्यावा, म्हणजे हात वर नेताना कुडता ओढला जात नाही. कुडत्याची लांबी गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही बाजू खालून उघड्या असाव्यात. पायजम्याचे आसन सैल ठेवावे, आणि पायघोळ घोट्याच्या वर संपावा. ओढणी ठेवावयाचीच असेल तर ती खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेस शिवून टाकावी. टाचणीवर भरवसा ठेवू नये. मुलांच्या डोक्यावर मोठा फेटा सुटून डोळ्यांवर येतो. त्यापेक्षा शिवलेली पट्टी बरी.

तिसरा प्रश्न : मुलामुलींना यात संकोच वाटतो काय? वरच्या वर्गातील मुलींसाठी खालचे वस्त्र गडद रंगाचेच असावे. निळे, तपकिरी, गडद हिरवे, कोणतेही चालेल. कापड पारदर्शक नसावे. उन्हात हातावर धरून पाहिले की ते कळते. हा संकोच खेड्यातील मुलींपुरताच आहे असे कोणी समजू नये. २०२१ साली जर्मनीच्या महिला जिम्नॅस्ट प्रथम युरोपीय स्पर्धेत आणि नंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या. ज्या वेषात मोकळे वाटते त्यातच चांगला खेळ होतो, हेच त्यांचे म्हणणे होते. जगातील नामांकित खेळाडूंना जे बोलून दाखवावे लागले, ते आपली बारा वर्षांची मुलगी आपण होऊन बोलणार नाही. तिला बाईंनी एकांतात विचारले पाहिजे. ज्या शाळेत शिक्षिका नाही तेथे शाळा व्यवस्थापन समितीतील मातांची मदत घ्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया. हा नियम कागदावर ठेवण्यासाठी नाही. पोशाखाचा नमुना मंजूर करावयाचा तो या मातांच्या हातून करावा.

आता कापडाविषयी. सुती कापड घाम टिपते व अंगास थंड वाटते, पण आटते आणि चुरगळते. टेरीकॉट टिकते, लवकर वाळते, इस्त्री फार लागत नाही, पण उन्हात उकडते. जानेवारीच्या सकाळसाठी दोन्ही चालतील. उन्हाळ्यात मात्र सुतीच बरे. कोणतेही कापड घेण्यापूर्वी अर्धा मीटर तुकडा आणावा. त्यावर ५० सें.मी. लांबीची खूण करून तो रात्रभर पाण्यात भिजवावा, वाळवावा आणि पुन्हा मोजावा. खूण ४८.५ सें.मी. भरली तर कापड शेकडा ३ आटते. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने तो तुकडा घासावा. फडक्यास रंग लागला तर ते कापड परत करावे.

किती कापड लागेल याचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. गणिताचा असा जिवंत पाठ दुसरा मिळणार नाही. कापडाचा पन्हा ९० सें.मी. आणि कुडत्याची उंची ७५ सें.मी. धरू. पुढची व मागची बाजू मिळून १५० सें.मी., दुमडीस १५, बाह्यांस ३५, असे एका कुडत्यास २ मीटर झाले. २४ मुलांचे २४ आणि जादा २, असे २६ कुडते, म्हणजे ५२ मीटर. शेकडा ३ आटणार, म्हणून सुमारे ५४ मीटर घ्यावे. ते सगळे एकाच ताग्यातील असावे. दोन वेळा आणलेल्या कापडाच्या रंगात फरक पडतो, आणि मैदानावर तो लगेच दिसतो. कापड भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे.

मापे अंदाजाने देऊ नयेत. छाती, कंबर, खांदा, कुडत्याची उंची व पायजम्याची उंची ही पाच मापे प्रत्येकाची घेऊन वहीत लिहावीत. मुलींची मापे बाईंनी घ्यावीत. कोणाचेही माप मोठ्याने पुकारू नये. अंगाने स्थूल किंवा कृश असलेल्या मुलास ती चेष्टा वर्षभर पुरते. मुले वाढती असतात, म्हणून कमरेस नाडी आणि खाली पाच सें.मी. जादा दुमड ठेवण्यास सांगावे.

मागणी किमान दोन महिने आधी द्यावी. गावातील शिंपी, जवळचा महिला बचत गट आणि तालुक्याचा दुकानदार अशा तिघांचे दर लेखी घ्यावेत. सर्वांत स्वस्त तेच घ्यावे असे नाही. ज्याच्याकडे दुरुस्तीसाठी चालत जाता येते, तो थोडा महाग असला तरी परवडतो. ठराव समितीच्या सभेत करावा. मागणीपत्रात कापडाचा प्रकार व रंग, नग, प्रत्येकाचे माप, दर, देण्याची तारीख आणि दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची, हे स्पष्ट लिहावे, आणि कापडाचा एक तुकडा त्यास टाचून ठेवावा. सर्व पैसे आगाऊ देऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की प्रथम एकच पोशाख शिवून घ्यावा, तो एका मुलाच्या व एका मुलीच्या अंगावर घालून पाहावा, आणि त्यांस पूर्ण लेझीम खेळावयास लावावे. जेथे ओढते, उसवते किंवा वर सरकते, तेथे सुधारणा करावी. मगच बाकीचे कापड कातरू द्यावे.

शेवटी, पोशाख शाळेच्या मालकीचा असावा. लहान, मध्यम व मोठा अशा तीन मापांत तो ठेवला, प्रत्येक नगावर आतून क्रमांक घातला, नोंदवहीत लिहून दिला आणि समारंभानंतर धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवला, तर तो काही वर्षे सहज पुरतो. शिवाय सर्वांनाच पेटीतून मिळतो, त्यामुळे कोणाचा विकतचा आणि कोणाचा उसना, हा भेद उरत नाही.

पुढल्या वर्षी आम्ही गडद निळे पायजमे शिवले. ती मुलगी तोवर आठवीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. मी तिच्या घरी जाऊन, चूक माझी होती असे तिला सांगितले. ती काही बोलली नाही, खाली पाहून हसली. त्या वर्षी तिची धाकटी बहीण पथकात आली, आणि सरावाच्या दिवसांत थोरली संध्याकाळी घरी तिला ताल शिकवीत असे, हे मला मागाहून कळले.

पथक कसे दिसते हे पाहुणे पाहतात. पथकात कोण नाही आणि का नाही, हे पाहणे आपले काम आहे. यंदा पोशाखाचे कापड हातात घ्याल तेव्हा एवढे स्मरावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.