दर्शनातील दुरुस्ती



ग्रंथालयात ग्रंथ एकच असतो, पण त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक असतात. लेखकनामाचे कार्ड निराळे, विषयाचे निराळे. मूळ नोंद मात्र दाखल नोंदवहीत. संगणकातील माहितीच्या मांडणीतही असाच भेद आढळतो. आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेत काम करणारे एडगर कॉड ह्यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती परस्परांशी जोडता येतील अशा कोष्टकांत ठेवावी, हा त्याचा गाभा. त्या कोष्टकांतून हवे तेवढेच दाखविणारी जी रचना, तिला 'व्ह्यू' म्हणतात. व्ह्यू म्हणजे दर्शन. सामान्यतः त्यात स्वतःची माहिती साठविलेली नसते. विचारणा होताच ते मूळ कोष्टकांतून नव्याने घडते.

प्रश्न उद्भवतो तो ह्या दर्शनातच दुरुस्ती करू पाहिल्यावर. समजा, सभासद, ग्रंथ आणि देवघेव अशी तीन कोष्टके आहेत. ती जोडून 'बाहेर गेलेले ग्रंथ' हे दर्शन तयार केले. एखाद्या सेवकाने त्यातील एक ओळ पुसली. ह्याचा अर्थ काय घ्यावयाचा? ग्रंथ परत आला, सभासदाने राजीनामा दिला, की ग्रंथ गहाळ झाला? देवघेवीची नोंद काढली, सभासदाची काढली किंवा ग्रंथाची काढली, तरी दर्शनातील ती ओळ नाहीशी होणारच. अर्थ चुकला, तर वेळेवर ग्रंथ परत करणारा वाचकच यादीतून पुसला जायचा!

सर्वच दर्शने अशी अवघड नसतात. एकाच कोष्टकातील नाटके तेवढी निवडून दाखविली, तर शीर्षकातील चूक तेथेच सुधारता येते. ती थेट मूळ नोंदीत पोहोचते. मात्र त्या नाटकाचा प्रकार बदलून 'कादंबरी' केला, तर ते दर्शनातून तत्काळ अदृश्य होईल. असे बदल नाकारण्याची अट एसक्यूएल ह्या भाषेत दर्शनाला घालता येते. ह्याउलट, प्रत्येक लेखकाच्या ग्रंथांची संख्या दाखविणाऱ्या दर्शनात १२ चे १३ करणे निरर्थक ठरते. तेरावा ग्रंथ कोणता, हे त्या आकड्यात कोठेच नसते.

कॉड ह्यांनी १९८५ साली आपले सुप्रसिद्ध नियम मांडले. त्यांतील सहावा सांगतो की, जी दर्शने तत्त्वतः बदलण्याजोगी आहेत, ती यंत्रणेलाही बदलता आली पाहिजेत. ह्यातील 'तत्त्वतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. जेथे मुळाकडे जाणारी वाट एकच आहे, तेथे यंत्राने ती चालावी. जेथे वाटा अनेक आहेत, तेथे निवड माणसाने आधी करून ठेवावी. अनेक प्रणालींत तशी सोय आहे: दर्शनातील ओळ पुसली गेल्यास त्याऐवजी कोणती क्रिया करावयाची, हे रचनाकार लिहून ठेवू शकतो. ग्रंथालयासाठी तो लिहील, 'केवळ देवघेवीची नोंद पूर्ण करावी; सभासद व ग्रंथ ह्यांना हात लावू नये.'

हे लिहिण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागते, पण काय लिहावयाचे हे ठरविण्यासाठी ग्रंथालयाचा व्यवहारच ठाऊक असावा लागतो. त्या ओळीचा अर्थ यंत्राला कळत नाही. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या ग्रंथपालाला तो कळतो. म्हणून नवी प्रणाली घडविताना त्याला प्रथम विचारावे, हेच श्रेयस्कर.