आयोडीन, सलाईन आणि सत्तर सेकंद: पोटाच्या सीटीमागचं टायमिंग

आजचा विषय दवाखान्यातला आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे उपचारांचं सांगणार नाही, फक्त यंत्रणा कशी चालते ते सांगतो. घरात कुणाला ‘कॉन्ट्रास्ट सीटी’ लिहून दिला असेल, तर हे नक्की ऐका.

साध्या सीटीत यकृत आणि त्यातली गाठ बऱ्याचदा एकाच करड्या रंगाची दिसतात. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. आयोडीन एक्स-रे चांगले अडवतं, त्यामुळे जिथे रक्त पोचतं तिथे चित्र उजळतं.

आता खरी गंमत. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाव भाग धमनीतून आणि उरलेलं पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून फिरून. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक वेळा धमनीवर पोसलेली असते. त्यामुळे औषध सुरू केल्यावर साधारण ३५-४० सेकंदांनी ती चमकते, आणि ७० सेकंदांच्या आसपास यकृत उजळतं तेव्हा ती फिकी पडायला लागते. फक्त सत्तराव्या सेकंदाचा फोटो काढला, तर अशी गाठ निसटू शकते. म्हणून यकृतासाठी दोन-तीन वेळा स्कॅन करतात. पोटाच्या इतर अनेक तक्रारींना मात्र एकच, सत्तर सेकंदांचा स्कॅन पुरतो.

औषध किती? यकृत किती उजळणार हे एकूण आयोडीनवर ठरतं, म्हणून वजनाचा हिशोब. समजा वजन ६० किलो आणि किलोमागे ५०० मिलिग्रॅम आयोडीन धरलं, तर झालं ३० ग्रॅम. बाटलीत मिलिलिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल, तर १०० मिलिलिटर. सेकंदाला ४ मिलिलिटर वेगाने २५ सेकंदांत सगळं आत! धमनीतली चमक मुख्यतः या वेगावर अवलंबून असते. हे काम हाताने जमत नाही, इंजेक्टर मशीन लागतं. मागून ३०-४० मिलिलिटर सलाईन सोडतात, नाहीतर थोडं औषध नळीत आणि दंडाच्या शिरेतच रेंगाळतं.

आता आमच्या भाषेत. ठरावीक सेकंद थांबून स्कॅन करणं म्हणजे कोडमध्ये ‘स्लीप’ टाकणं. चालतं, पण हृदय अशक्त असेल तर औषध उशिरा पोचतं आणि फोटो आधीच निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे बोलस ट्रॅकिंग. महाधमनीवर एक छोटं वर्तुळ ठेवायचं, कमी मात्रेचे स्कॅन घेत पाहत राहायचं, आणि उजळपणा १०० ते १५० हाउन्सफिल्ड युनिटच्या वर गेला की तिथून सेकंद मोजायला सुरुवात. घड्याळावर नाही, घटनेवर चालणारा प्रोग्राम!

आणि आता तुमच्या कामाचं. एवढा वेग झेलायला कोपरापाशी १८ किंवा २० गेजची सुई लागते. वॉर्डात मनगटावर लावलेली बारीक सुई असेल, तर नातेवाईक म्हणतात, “आहे तीच चालवा ना, पुन्हा कशाला टोचता?” माया समजते. पण बारीक सुईमुळे वेग कमी करावा लागतो, आणि पहिली महत्त्वाची चमक तिथेच मंदावते. तंत्रज्ञ नवी सुई मागत असतील, तर लावू द्या.

औषध जाताना अंग गरम होतं, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे नेहमीचं आहे. पण सुईपाशी दुखलं किंवा सुजलं, श्वास अडकला, खाज सुटली, तर लगेच ओरडून सांगा. “थोडंच आहे, सोसू” असं अजिबात नको. औषध शिरेबाहेर जात असेल, तर प्रत्येक सेकंदाला ४ मिलिलिटर मांसात साठतंय.

आणि आधीच सांगा: पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली होती का, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, गर्भारपणाची शक्यता आहे का. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील. आणि वजन विचारलं तर खरं सांगा हं, औषधाचा हिशोब त्यावरच बसतो!

चला, भेटू पुढच्या भागात.