‘तूर्त’ दिलेली परवानगी

जपानच्या एकाद्या दूरच्या बेटावरील माध्यमिक शाळा डोळ्यांपुढें आणावी. सकाळीं जो शिक्षक बीजगणित शिकवितो, तोच दुपारीं मुलांना रंगांची पेटी उघडावयास सांगतो. गणिताची सनद त्याच्यापाशीं आहे, चित्रकलेची नाहीं. तरीही तो नियमभंग करीत नसतो, कारण त्याला तशी लेखी परवानगी मिळालेली असते.

जपानांत माध्यमिक शिक्षकाला सनद मिळते ती विषयवार. ज्याची सनद, तोच विषय त्यानें शिकवावा, हा नियम १९४९ सालच्या कायद्यानें घालून दिला. नियम सरळ आहे. पण देशाची भूमि तशी सरळ नाहीं. डोंगराच्या कुशींतील अथवा बेटावरील शाळेंत मुलें मोजकीं, म्हणून शिक्षकही मोजके. विषयांची यादी मात्र राजधानींतील शाळेइतकीच लांब. आठवड्यांतून एकदोन तासच चालणाऱ्या चित्रकलेसाठीं किंवा गृहशास्त्रासाठीं स्वतंत्र शिक्षक तेथें कोठून आणावा?

कायदा करणाऱ्यांनीं ही अडचण ओळखली आणि पुरवणी-कलमांत एक अरुंद दार ठेवलें. एकाद्या विषयाला सनदी शिक्षक मिळणें अशक्य आहे अशी प्रांतिक शिक्षणमंडळाची खात्री झाल्यास, त्याच शाळेंतील दुसऱ्या शिक्षकाला तो विषय शिकविण्यास मंडळ परवानगी देऊं शकतें. मुदत फार तर एक वर्षाची. आणि अर्ज मुख्याध्यापकानें एकट्यानें करून भागत नाहीं, शिक्षकानेंही करावा लागतो. न पेलणारें ओझें परस्पर कोणाच्या शिरीं येऊं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे. अर्थात् चारपांच शिक्षकांच्या शाळेंत मुख्याध्यापकानें शब्द टाकल्यावर ‘नाहीं’ म्हणणें किती जणांना साधेल, हा प्रश्न उरतोच.

त्या कलमांत ‘तूर्त’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पण हें ‘तूर्त’ सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलें आहे. २००३ सालीं उच्च माध्यमिक वर्गांत संगणक व माहिती हा नवा विषय आवश्यक झाला, तेव्हां त्यालाही ठिकठिकाणीं सनदी शिक्षक पुरेनात, आणि हेंच दार पुन्हा उघडावें लागलें. २०२५ च्या जानेवारींत तो विषय विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक परीक्षेंत आला. कोणाच्या हाताखालीं तो शिकला, याला विद्यार्थ्याच्या दृष्टीनें आतां निराळेंच महत्त्व आलें.

२०१८ सालीं शिक्षणखात्यानें याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. परवानगी देण्यापूर्वीं दुसरे उपाय तपासावेत, असा त्यांचा रोख आहे. एकच सनदी शिक्षक शेजारच्या दोनतीन शाळांत आळीपाळीनें जाऊं शकतो. कांहीं पाठ दूरस्थ साधनांनीं देतां येतात.

या व्यवस्थेचा गुण असा कीं, उणीव कागदावर नोंदली जाते. ती झांकून ठेवली जात नाहीं. दोष असा कीं, दरवर्षींचा अर्ज हळूहळू दरवर्षींचा रिवाज होऊन बसतो. शिक्षकाला नवा विषय आत्मसात् करण्यास पुढचें वर्ष मिळेल. विद्यार्थ्याचें तें वर्ष मात्र पुन्हा येत नाहीं. म्हणून प्रत्येक अर्जावर सही करतांना एक प्रश्न विचारला जावा: गेल्या वर्षीं हाच अर्ज आला होता, त्यानंतर सनदी शिक्षक मिळविण्यासाठीं काय केलें? त्याचें उत्तर देतां येईल, तोंपर्यंतच ‘तूर्त’ या शब्दाला अर्थ आहे.