आंबील पाहुण्यांच्या हाती द्या
(धंतोली, नागपूर येथील श्रावणी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. आपल्या विदर्भात ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्यांच्या नैवेद्यात पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी यांच्यासोबत ज्वारीची आंबील लागतेच. त्याच घरी महिन्याभराने वाढदिवस असला की मात्र बाटलीबंद गोड पाण्याचे खोके येतात. देवीला चालते ती आंबील पाहुण्यांना द्यायला आपण का संकोचतो? ती मेजवानीत मानाने यावी, एवढंच सांगायला मी उभा आहे.

लातूर-धाराशिवकडे हा संकोच नाही. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे तिकडच्या येळवशीला, घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते, भज्जी-उंडे वाढले जातात आणि माठातली आंबील पेल्यांवर पेले रिचवली जाते. ज्यांना शेत नाही, अशा शहरातल्या स्नेह्यांना आवर्जून बोलावणं असतं.

आता अनेकांच्या मनातली शंका. आंबवलेलं म्हणजे त्यात मद्य आलं का? आंबवण्याची कामं दोन प्रकारचे जीव करतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करतं. ताकातले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही आंबट होतं ते त्यामुळेच. आंबिलीत ताकाचे जिवाणू आपण मुद्दाम भरपूर घालतो, त्यामुळे सुरुवातीपासून त्यांचंच राज्य असतं. शिवाय मोड न आणलेल्या ज्वारीच्या पिठात यीस्टला आयती साखर फारशी मिळत नाही. उत्तरेकडे होळीला गाजराची कांजी करतात, तिथे यीस्टला रोखण्याचं हेच काम मीठ आणि मोहरी सांभाळतात. धोका आहे तो गुळात! गूळ घालून आंबील रात्रभर झाकून ठेवली, तर यीस्टला मेजवानीच. आपल्याकडे ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त मद्यार्क असलेलं पेय कायद्याने मद्य ठरतं. म्हणून लहान मुलं असतील तिथे गोडी हवी तर पेल्यात ऐनवेळी घाला, आणि आंबील घट्ट बुचाच्या बाटलीत कधीच भरू नका.

कृती घरोघरी निराळी. वीसेक पाहुण्यांसाठी पाव किलो ज्वारीचं पीठ अर्धा लिटर आंबट ताकात रात्री भिजवा. भादव्यात रात्र लागते; मे महिन्यातल्या नागपुरी उन्हाळ्यात काही तासांतच पीठ वर येतं, तेव्हा लक्ष हवं. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या; पितळेत ताक कळकतं. सकाळी तीन लिटर पाण्याला उकळी आणून त्यात पीठ धार धरून सोडा, हात थांबवू नका, नाहीतर गुठळ्या होतात. पिठाचा कच्चा वास जाऊन तकाकी आली की उतरवा. शिजताना जिवाणू मरतात, म्हणून आंबील पूर्ण गार झाल्यावरच अर्धा लिटर ताजं ताक मिसळा. मग मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेलं आलं आणि ओल्या खोबऱ्याचे बारीक काप. लसूण नैवेद्यात चालत नाही, पार्टीत खुशाल घाला. निवल्यावर ती दाटते, तेव्हा जवळ आणखी पातळ ताक असू द्या आणि दर खेपेला तळापासून ढवळूनच पेले भरा.