उन्हाळ्यातला गुलाब

आज आपण दारातल्या गुलाबाविषयी बोलू. सरावलीत काय, बोईसरच्या चाळींत काय, पुष्कळ घरांपुढे गुलाब दिसतो. कुणी तो कुंडीत लावतो, कुणी तेलाच्या डब्यात. थंडीत झाड फुलते. दोन फुले लेकीच्या वेणीत जातात, एक देवाला जाते. मग ऊन चढते. चैत्रात फुले लहान होतात. वैशाखात पाने करपतात. मृगाचा पाऊस येतो, तेव्हा डब्यात नुसती काळी काटकी उरलेली असते.

मग आपण म्हणतो, "आमच्या हाताला गुलाब लागत नाही." मंडळी, हाताला बोल लावू नका. झाड का मेले, ते समजून घ्या.

आपल्याला घाम येतो. झाडाच्या पानांतूनही तसेच पाणी वाफ होऊन जाते. जेवढे पाणी पानांतून जाते, तेवढे मुळांनी खालून पुरवावे लागते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. आपल्याकडे समुद्र जवळ आहे, म्हणून तेवढा चढत नाही. पण डबा उन्हात तापतो. डब्यातली माती तापते आणि आतली बारीक मुळे भाजतात. पाणी ओढतात ती हीच बारीक मुळे. ती गेली की वरून कितीही पाणी ओता, झाडाला ते मिळत नाही.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. उन्हाळ्यात गुलाबाकडे फूल मागू नका. त्याचे मूळ सांभाळा.

आता कुणी बाई विचारील, "भाऊ, प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते. गुलाबाला कुठले घालू?" प्रश्न अगदी रास्त आहे. माणूस आधी, झाड मागून. पण तांदूळ धुतलेले पाणी आपण फेकतोच ना? भाजी धुतलेले पाणी मोरीत जातेच ना? ते गुलाबाला घाला. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नका. आणि पाणी कमीच असेल, तर दहा झाडांचा हव्यास नको. दोनच ठेवा, पण ती जगवा.

पाणी सकाळी लवकर घालावे. पहिल्या पाळीला कारखान्यात जाणाऱ्याने घर सोडण्याआधी घालावे. रोज घोटभर शिंपडू नका. त्याने वरची माती ओली होते आणि खालचे मूळ कोरडे राहते. कुंडीच्या तळच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत घाला. डब्याला भोक नसेल, तर आधी भोके पाडा. पाणी तुंबले की मूळ कुजते.

पुन्हा पाणी केव्हा घालायचे? मातीत दोन पेरे बोट घाला. माती ओली लागली तर थांबा, कोरडी लागली तर घाला. भर दुपारी पाने माना टाकतात, म्हणून लगेच तांब्या उचलू नका. आधी बोट घालून पाहा. माती ओली असेल, तर ऊन उतरल्यावर पाने आपोआप उभी राहतात.

खाडीजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते गुलाबाला सोसत नाही. पानांच्या कडा जळतात आणि मातीवर पांढरा थर धरतो. असे दिसले तर गोडे पाणीच वापरा.

आता झाडाच्या घराकडे वळू. माठातले पाणी गार का राहते? माठ पाझरतो म्हणून. मातीची कुंडीही तशीच पाझरते आणि आतून गार राहते. पत्र्याच्या डब्याचे तसे नाही. डबाच असेल, तर त्याला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा. तापलेल्या फरशीवर कुंडी टेकवू नका, खाली दोन विटा ठेवा. मातीवर सुका पाला किंवा भाताचा पेंढा दोन-तीन बोटे जाड पसरा. या पांघरुणाने माती थंड राहते आणि पाणी लवकर उडत नाही. पेंढा खोडाला मात्र चिकटू देऊ नका.

गुलाबाला ऊन हवेच, पण ते सकाळचे. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन झावळीने किंवा गोणपाटाने अडवा.

उन्हाळ्यात खताची घाई नको. तहानलेल्या झाडाला खत बाधते. मोठी छाटणीही आता करू नका, ती पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात करावी. सुकलेली फुले तेवढी खुडा. फांदी शेंड्याकडून काळी पडत असेल, तर खाली हिरवे लाकूड लागेपर्यंत कापून टाका. कलमाच्या सांध्याखालून कोंब फुटला, तर तोही काढा. तो खालच्या रानटी खुंटाचा असतो. वरच्या गुलाबाचे अन्न तोच खातो.

पाने फिकट होऊन त्यांवर बारीक ठिपके पडले, तर पान उलटून बघा. खाली धुळीसारखे कण आणि बारीक जाळी दिसेल. ती लाल कोळी नावाची कीड. तिला कोरडी हवा मानवते. तीन-चार दिवस सकाळी पानांची खालची बाजू साध्या पाण्याने धुवा. तरी हटली नाही, तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि फडक्याने गाळून संध्याकाळी शिंपडा.

पाऊस लागला की वागणे बदला. पेंढा बाजूला करा. कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. तेव्हा थोडे कुजलेले शेणखत द्या. ताजे शेण नको, ते मुळांना जाळते.

कुणी म्हणेल, "गरिबाला गुलाब कशाला? पोटाला धान्य पाहिजे." डॉ. बी. पी. पाल यांचे नाव ऐका. तांबेरा रोगाला न जुमानणारे गहू काढण्यासाठी हा माणूस झटला. १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाच्या भाकरीची चिंता वाहणाऱ्या याच माणसाने गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती काढल्या. भाकरी हवीच. तिच्या जोडीला दारात एक फूल असले, तर काही बिघडत नाही.

आता तुम्हाला लिहिता येते. एका वहीत गुलाबाचे पान राखा. कुठल्या तारखेला पाणी घातले, कधी कोंब काढला, कधी खत दिले, ते लिहा. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाला विचारावे लागणार नाही. तुमचीच वही तुम्हाला सांगेल.

आज घरी गेल्यावर पहिले काम एवढेच करा. कुंडीत दोन पेरे बोट घालून पाहा. तिथून सुरुवात होऊ द्या.