वस्तीतल्या मुलांचा विश्वास

(जांब समर्थ येथे युवा कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समर्थांच्या जन्मगावी उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. मारुतीची स्थापना करून समर्थांनी तरुणांना बलोपासनेला लावले, हे आपण जाणताच. मी नागपूरचे उदाहरण सांगतो.

2001 साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. खेळात रमलेली मुले तेवढा वेळ वाईट नादांपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. 2022 च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे हे काम घरोघरी पोहोचले. पण चित्रपट तीन तासांत संपतो, मैदानावर वर्षे घालवावी लागतात.

तेथे खेळायला येण्यासाठी मुलाला आधी सज्जन व्हावे लागले नाही, हे मला मोलाचे वाटते. आपण मात्र वस्तीत पाय ठेवताच मुलांच्या खिशातील तंबाखूची पुडी हुडकू लागतो! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने पोलीस पाहिलेले असतात, निवडणुकीपुरते येणारे पुढारीही पाहिलेले असतात. नवा माणूस किती दिवस टिकतो, एवढेच तो मोजत असतो. मंगळवारी पाचला येतो म्हणालात, तर पाचला या. त्याच्यासोबतचे छायाचित्र छापण्याची घाई नको. (आम्हा पत्रकारांनाही हे सांगावे लागते.)

घनसावंगी तालुक्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि जमवलेला गट विखुरतो. अशा वेळी त्यांचे नाव यादीतून काढू नका. कोणत्या कारखान्याकडे गेले, फोन कोणाकडे असतो, हे टिपून ठेवा, अधूनमधून बोला. पाडव्याच्या सुमारास परतलेल्या मुलाला संघातली त्याची जागा राखलेली दिसली पाहिजे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. विश्वास बसला की मूल बोलू लागते आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणते. तसे वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. घरची वा संघटनेची अब्रू हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलाला आधीच सांगा, ‘तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मला मदत मागावी लागेल, पण तुझ्यापासून ते लपवणार नाही.’ हे ऐकून काही मुले बोलायची थांबतील. थांबू द्या. त्यांच्याशी खेळत राहा आणि 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक त्यांच्याकडून पाठ करवून घ्या.